दादाच्या साबणानं धू

जव्हार, पौष वद्य ५, शके १८४०

माघी,

आशीर्वाद आधी देऊन ठेवते, कारण पुढचं वाचून तू रागावशील आणि ते घ्यायचे राहतील.

तुझ्या दादांना जाऊन तीन महिने झाले. मोतद्दाराची खोली मोतद्दार असेतोवरच, हे मला ठाऊक होतं. पागेच्या कारभाऱ्यांनी काल तेवढंच सांगितलं आणि बऱ्या शब्दांत सांगितलं. पाडव्याला घोड्यांसाठी नवा माणूस येतोय, त्याआधी मी निघायचं. बाजारामागच्या आळीत नवशीबाई म्हणून म्हातारी आहे, तिनं आपल्या पडवीची एक बाजू मला द्यायचं कबूल केलंय. मी पावलांनी मोजून आले. गोधडी पूर्ण पसरली तर मला बसायला जागा उरत नाही, एवढीच ती आहे.

आता माझ्या पसाऱ्याचं ऐक. लोकांनी गोधड्यांसाठी दिलेल्या जुन्या कपड्यांची चौदा गाठोडी आहेत, त्यातली निम्मी तापाच्या साथीत गेलेल्यांची. शिवाय माझ्या चिंध्या, दोरे, काठ. दुसरीकडे तुझ्या दादांचं साबणाचं सामान: ती लोखंडी काहील, राखेच्या खाराची दोन मडकी, राख गाळायची टोपली, साच्याची खोकी. खोगिरं धुवायला म्हणून ते पागेत साबण करायला शिकले आणि पुढे निम्म्या आळीला तो पुरवू लागले. इतकी वर्षं दोन्ही कामं एका अंगणात चालली. सकाळी अंगण त्यांचं, दुपारी माझं. माझ्या चिंध्या त्यांच्या तेलात पडायच्या, त्यांची राख माझ्या मांजरपाटावर उडायची आणि आम्ही दोघंही एकमेकांवर खेकसायचो. खाराला मात्र त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. टाके घालणाऱ्या बोटांना भेगा पडतील म्हणायचे.

दोन्ही संसार पडवीत मावायचे नाहीत. साबण त्यांचा, सुई माझी. म्हणून काहील देऊन टाकावी म्हणते. तुला विचारल्याशिवाय देणार नाही, कारण तू त्यांची बहीण आहेस.

चौथा लागला ना? डोकीवर हंडा घेऊन चढ चढत जाऊ नकोस. ढवळूभावजींना सांग, मी सांगितलंय म्हणून.

गौरा


मोखाडा, माघ शुद्ध ११

वहिनी,

रागावायचं तू आधीच ठरवून टाकलंस, तर मग मी रागावतेच. काहील द्यायची नाही.

रघुदादाचं मी शेवटचं तोंड पाहिलं नाही. तुझा निरोप आला तेव्हा चिमी तापात होती. तिला टाकून कशी येणार होते? नवव्या दिवशी तीही गेली. सहा वर्षांची पोर. मी नीट रडले कुणासाठी, तेच मला कळलं नाही. एका रडण्यात दोघं उरकून टाकली असं वाटतं आणि त्याची लाज वाटते. त्याच्या हातची एवढी एकच वस्तू जगात उरली आहे आणि तू ती बाजारात द्यायला निघालीस. नुसती ठेवायची नसेल तर तू साबण कर. हात बसेल. तू कसली हार मानणारी आहेस?

भिक्याबरोबर एक गाठोडं पाठवलंय. त्याचा बैल जव्हारच्या बाजाराला येतोच. त्यात चिमीचे कपडे आहेत. दोन परकर, तांबडं पोलकं, दोन झबली आणि टोपडं. सगळं तेवढंच. इकडे लोक ढवळूला म्हणाले, तापातल्या पोरीचं कापड घरात ठेवू नये. त्यानंही मला सांगून पाहिलं, "जाळून टाकू माघे, पोटात दुसरा जीव हाय." मी गाठोडं नाचणीच्या कणगीत लपवलं. त्याला ठाऊक आहे कुठे आहे ते.

याची एक लहान गोधडी कर, येणाऱ्या जीवासाठी. ज्येष्ठात दिवस भरतील. गेल्या माणसाच्या कपड्याला धुतल्याशिवाय सुई लावत नाहीत हे मला कळतं, पण माझ्यानं धुववत नाहीत. तीनदा ओढ्यावर नेले आणि कोरडेच परत आणले. तू धू. दादाच्या साबणानं धू. गणपतीत त्यानं घातलेला साबण तुझ्याकडे असेलच. चिमीनं तो गुळाची ढेप समजून चाखला होता आणि दादा तिच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन पागेभर धावला होता, आठवतं? त्याच साबणानं धू म्हणजे मला वाटेल दोघं एकदा भेटली.

माघी


जव्हार, फाल्गुन शुद्ध ३

माघी,

गाठोडं पोचलं. भिक्यानं ते बैलावर न घालता खांद्यावरून आणलं. मी विचारलं तर म्हणाला, "माघीबाईनं सांगला, हातातून हातात दे."

काहील दिली नाही. तुझं ऐकलं. तुझ्या दादांचा साबण आहे. त्याची काळजी नको.

तेव्हा कमी करायचं ते माझ्या बाजूनं केलं. गाठोडी एकेक करून ज्याची त्याला परत नेऊन देते आहे. सोपं वाटलं होतं, तसं नाही. दारात गाठोडं दिसलं की बाया आधी हसतात, गोधडी झाली असं वाटून, आणि उघडल्यावर जुनेच कपडे बघून पुन्हा गाठ मारतात. दोन घरांना तर आता कडीच आहे. शेजारी म्हणाले, कुणी उरलं नाही. ती गाठोडी मी परत घेऊन आले. माझ्या स्वतःच्या चिंध्या मात्र वाटून टाकल्या. बारा वर्षांचे काठ होते, रंगारंगाने गुंडाळून ठेवलेले. नवशीबाईच्या सुनेनं ते दावणीला वळायला नेले. मी बघितलं आणि दुसरीकडे तोंड केलं.

चिमीचे कपडे धुवायचे आहेत अजून. ऊन चांगलं पडू दे.

एक विचारायचं राहिलं. तुझे दादा खार तयार झाला का ते पाहायला कोंबडीचं पीस त्यात धरायचे. पीस विरलं की झालं म्हणायचे. की विरलं म्हणजे जास्त झालं? तू लग्नाआधी पागेत राहायचीस तेव्हा पाहिलं असशील. सहज विचारते.

गौरा


मोखाडा, फाल्गुन वद्य ८

वहिनी,

पिसाचं मला आठवत नाही. तो मला लांब उभी करायचा. "डोळ्यात उडंल, मागं सर" एवढंच आठवतं. पण तू विचारलंस म्हणजे साबण करायला घेतलास! मला दोन दिवस बरं वाटलं बघ. त्याची काहील पुन्हा चुलीवर चढली. ढवळूला सांगितलं तर तोसुद्धा म्हणाला, "वैनी खंबीर हाय." तुझ्याविषयी त्याच्या तोंडून एवढं चांगलं मी पहिल्यांदा ऐकलं.

चिमीचे कपडे मात्र त्याच्याच साबणानं, तुझ्या नव्या नाही. तुझ्या साबणाला नावं ठेवत नाही. पण तेवढं माझं ऐक.

धुतलेस का? तांबड्या पोलक्याचा रंग जातो, ते वेगळं भिजव. मधे नक्की तेच लाव, म्हणजे बाळाच्या छातीवर येईल. अक्षयतृतीयेपर्यंत होईल ना? पोट फार खाली आलंय. शेजारणी म्हणतात मुलगी. मी काही म्हणत नाही. बारशाची तयारी मी अजून काहीच केलेली नाही, करवत नाही. ती गोधडी आली की करीन.

माघी


जव्हार, चैत्र वद्य २, शके १८४१

माघी,

पाडव्याच्या आधी खोली सोडली. नवशीबाईच्या पडवीत आहे. सगळं मावलं. काहील बाहेर भिंतीला आहे.

गोधडीचं चाललं आहे. टाके चालू आहेत. फार लिहीत नाही, बोटं दुखतात.

गौरा


मोखाडा, वैशाख शुद्ध ५

वहिनी,

अक्षयतृतीया झाली. भिक्या रिकाम्या हातानं आला.

मी त्याला खोदून विचारलं. तो म्हणाला, तुझ्या पडवीत दोनच गाठोडी होती आणि त्यांत माझं नव्हतं. काहील भिंतीला टेकवलेली होती आणि तिला आतून गंज चढला होता. तू त्याला पाणी दिलंस, गूळ दिलास आणि माझ्या गाठोड्याचं नाव काढताच पातेलं घासायला बसलीस.

आता मी लिहिते ते नीट वाच. जागा कमी पडली म्हणून तू लोकांची गाठोडी वाटलीस. त्यात माझंही गेलं का? कुणाच्या दावणीला वळलं का? तुझ्या घरी दहा-पंधरा गाठोडी असतील, माझं एकच होतं. तुला मूल नाही म्हणून मी कधी बोलले नाही, पण आज तोंडाशी येतं आहे. गेलं असेल तर तसं सांग. चालू आहे, चालू आहे, असं पुन्हा लिहू नकोस.

माघी


जव्हार, वैशाख वद्य १

माघी,

तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. तोंडाशी आलेलं लिहिलंस ते बरं केलंस.

तुझं गाठोडं कुणाला दिलं नाही. माझ्या हातून ते नासलं.

तुझ्या दादांचा साबण उरलेलाच नव्हता. त्यांच्या आजारपणात अंथरूण, कपडे, पागेतली चादर, सगळं धुण्यात तो संपला. शेवटची चकती मी त्यांना अंघोळ घालायला वापरली, तेव्हा ते गेलेले होते. तू माघात लिहिलंस की त्याच साबणानं धू, तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. वाटलं, काहील तीच, राख त्याच चुलीची, मोहाचं तेल तेच. मी केला तरी त्यांचाच झाला, माघीला काय कळणार आहे? म्हणून मी तो घातला. खार किती आणि चुना किती ते मला ठाऊक नव्हतं. पीस धरलं, ते लगेच विरलं, मला वाटलं झालं. त्यांनी महिनाभर फळीवर मुरत ठेवला असता. मला पाडवा गाठायचा होता.

तिसऱ्या दिवशी चिमीचे कपडे काहिलीत टाकले. वाहत्या पाण्यात नंतर नेणार होते. चुलीवर उकळी आली आणि पागेतली माणसं आली, खोली आजच रिकामी करा म्हणून, भिंती सारवायच्या आहेत. उरलेली लोकांची गाठोडी डोक्यावर घेऊन मी दारोदार निघाले. कुणाचं कापड माझ्याकडे राहू नये एवढंच डोक्यात होतं. चार खेपा केल्या. मग सामान पडवीत नेलं. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला काहील आणायला गेले तेव्हा आठवलं. माघी, लोकांच्या चिंध्या सांभाळत हिंडले आणि आपल्या लेकराचे कपडे काहिलीत विसरले. पाणी आटून निम्म्यावर आलं होतं. ओढ्यावर नेऊन पहिलं झबलं दगडावर टेकवलं, आपटलंसुद्धा नाही, आणि ते हातात फुटलं. मग बाकीचेही तसेच. परकराचा कुठे नेफा राहिला नाही. पाण्याबरोबर जाऊ नये म्हणून मी पदर आडवा धरला आणि सगळं वेचून काढलं. नुसता चोथा होता. तांबड्या पोलक्याची कुठे कुठे छटा दिसते, तेवढीच.

मी तुला लिहायला बसले होते. दोन महिने बसत होते. तुझे दिवस भरत आलेत, आणि बारशाची तयारी गोधडी आल्यावर करीन असं तू लिहिलेलं. मला धीर झाला नाही. खरं सांगायचं तर तुझी मला भीतीही वाटली. तुझ्याशिवाय मला दुसरं कुणी नाही.

गोधडी भिक्याबरोबर पाठवते आहे. खोटं काही नाही तिच्यात. वरचा पदर तुझ्या दादांच्या धोतराचा आहे, आणि खालचा माझ्या लग्नातल्या लुगड्याचा. मधे चिमीचा चोथा आहे, वाळवून, पिंजून, सगळाच्या सगळा. एक तंतू मी इथे ठेवला नाही. टाके फार दूर दूर आहेत, त्याची मला लाज वाटते, पण जवळ घातले की सुईपुढे चोथा विरायचा. म्हणून ती जपून वापर, आणि मी येईपर्यंत धुऊ नकोस. यायला सांगशील की नाही ते मला ठाऊक नाही.

काहील मी दिली. लोहाराला दिली. हे तुला न विचारता केलं, आणि याचा मात्र मला पश्चात्ताप नाही. तुझ्या दादांना मी काहिलीवाचून आठवू शकते.

गौरा


जव्हार, ज्येष्ठ वद्य १०

माघी,

भिक्या म्हणाला, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहात. गोधडी तुझ्या हातात दिली म्हणाला. तू काय बोललीस विचारलं, तर म्हणाला, "तुमचा पत्र वाचून झाल्यावर आत गेली आन् दार लावून घेतला."

मी उत्तर मागत नाही. मुलीच्या कमरेला काळा दोरा बांध आणि तुझ्या पोटाला घट्ट पट्टा बांधून ठेव, एवढं सांगायला लिहिलं.

हातात आता एकच काम आहे. कडी लागलेल्या त्या दोन घरांच्या गोधड्या शिवते आहे. घ्यायला कुणी येणार नाही, तरी शिवते आहे.

गौरा


मोखाडा, आषाढ वद्य ६

वहिनी,

वाटा बंद होत्या. पत्र उशिरा पोचेल. पण उशीर सगळा पावसाचा नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी गोधडी उघडलीच नाही. घडी न मोडता दांडीवर टाकली. ढवळूला सांगितलं, परत पाठव. तो म्हणाला, "पाठवतो," आणि पाठवली नाही. मला फार राग आला होता. तुझ्या हातून नासलं याचा नव्हे, तू दोन महिने मला अंधारात ठेवून टाके चालू आहेत म्हणून लिहिलंस याचा. मी इथे आडवी पडून ते टाके मोजत होते गं.

मग मुलगी झाली. बाराव्या दिवशी घरात कोरडं काही नव्हतं. पाऊस लागलेला, लंगोट सगळे ओले, पोरगी गारठून निळी पडायला लागली. तेव्हा ढवळूनंच ती गोधडी काढली आणि पोरीला गुंडाळली. मी बघत होते. दादाचं धोतर मी ओळखलं. त्याला गुडघ्याजवळ मी लावलेलं ठिगळ अजून आहे. तू ते काढलं नाहीस.

आता जे लिहिते त्यासाठीच कागद घेतला आहे. काहील चालू कर म्हणून मी तुला लिहिलं. तुला खाराला हात लावायची सवय नाही हे तुझ्या पहिल्याच पत्रात होतं, तरी मी लिहिलं. माझ्यानं धुववत नव्हते म्हणून ते ओझं मी तुझ्या डोक्यावर दिलं, आणि वर दादाच्या साबणाचा हट्ट धरला. तुझा दोष तुझ्याकडे राहू दे, मी तो उचलत नाही. माझा मात्र मी लिहून देते. आणि मूल नाही म्हणून लिहिलं होतं ते मागे घेते. चिमी तुझ्याकडे राहून आली की आठ दिवस माझं ऐकायची नाही, तूच तिला लाडावलेलंस.

पोरीनं पहिल्याच दिवशी गोधडी भिजवली. दोन दिवस वाळवून पाहिली, पण वास जाईना. तू धुऊ नकोस म्हणाली होतीस. मी धुतली. ओढ्यावर नेली, नुसत्या पाण्यानं धुतली आणि या वेळी कोरडी परत आणली नाही. ओली झाल्यावर ती फार जड झाली. दोन्ही हातांनी धरून उरापाशी उचलावी लागली.

वाळली तेव्हा बघते तर मधला चोथा सगळा घसरून एका कोपऱ्यात गोळा झालेला. बाकी गोधडी नुसती दोन पदरांची आणि त्या एका कोपऱ्यात मुठीएवढा टणक गोळा. ढवळू म्हणाला, "उसवून सारखी करून घे, पोरीच्या अंगाखाली टोचंल." मी सुई घेतली होती. पण उसवली नाही.

दुपारी पोरीला घेऊन आडवी होते तेव्हा तो कोपरा मी माझ्या अंगाखाली घेते. पोरगी एका कुशीला असते आणि तो गोळा दुसऱ्या. हात ठेवला की हाताला लागतो. साडेआठ महिन्यांनी मला आता झोप लागते.

तू ये. पाऊस उघडला की भिक्याला बैल घेऊन पाठवते. तुझ्या त्या दोन घरांच्या गोधड्याही घेऊन ये, इथे आमच्याकडे जागा आहे. आल्यावर तुझ्या डोळ्यांना तो कोपरा खुपेल, तुझा हात सुईकडे जाईल, मला ठाऊक आहे. तेवढा उसवू नकोस.

माघी